फ्रंट लोड मशीन गळतंय? गॅस्केट विकत घेण्याआधी हे वाचा



फ्रंट लोड मशीनचं गॅस्केट कसं बदलायचं, तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितला. चांगली गोष्ट आहे. पण त्याचा एक परिणाम मला दुकानाच्या काउंटरवर दिसायला लागलाय. नवीन काम सुरू केलेली मुलं येतात आणि म्हणतात, "सर, सात किलोचं गॅस्केट द्या." मी विचारतो, कशाला? "मशीन खालून गळतंय." पाणी कधी येतं? यावर गप्प. कधी येतं म्हणजे काय, येतंय ना!

घोटाळा इथेच होतो. फ्रंट लोड मशीनमधून पाणी बाहेर यायच्या आठ-दहा जागा आहेत आणि गॅस्केट ही त्यातली फक्त एक. ते समोर दिसतं, पार्ट सहज मिळतो, बदललं की गिऱ्हाइकाला काहीतरी नवीन बसवल्यासारखं वाटतं. म्हणून सगळ्यांचं बोट आधी तिकडे जातं. आणि दोन दिवसांनी फोन येतो, "दादा, अजून गळतंयच." आता दुसरा पार्ट कोणत्या तोंडाने सांगणार? ज्याचा धंदा सहा महिन्यांचा आहे त्याला हा फोन फार महाग पडतो. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला की तिथली दहा घरं हातची गेली.

म्हणून आज गॅस्केट बदलण्याच्या आधीचं काम बघू. पहिल्यांदा स्वतःच्या घरच्या मशीनवर करून बघा. दुसऱ्याच्या घरी जाऊन शिकू नका.

पाण्याचा रस्ता डोक्यात बसवा

मशीन उघडण्याआधी पाणी आत कसं फिरतं ते कळलं पाहिजे. नळातून इनलेट पाइप येतो. तो मशीनच्या मागे वरच्या बाजूला इनलेट व्हॉल्व्हला जोडलेला असतो. व्हॉल्व्ह उघडला की पाणी साबणाच्या ड्रॉवरच्या वरच्या भागात जातं, तिथल्या बारीक छिद्रांतून ड्रॉवरमध्ये पडतं, पावडर घेऊन खालच्या जाड रबरी पाइपने टबमध्ये उतरतं.

इथे टब आणि ड्रम यात गोंधळ करू नका. ड्रम म्हणजे आतला स्टीलचा, छिद्रं असलेला, जो फिरतो. टब म्हणजे त्याच्या बाहेरचा, बहुतेक प्लॅस्टिकचा, जो पाणी धरून ठेवतो. टब वर स्प्रिंगांना टांगलेला असतो आणि खाली शॉक ॲब्सॉर्बरवर असतो, म्हणजे मशीन चालू असताना तो हलतो. बाहेरचा पत्रा मात्र हलत नाही. या हलणाऱ्या टबाला न हलणाऱ्या पत्र्याशी दाराजवळ जोडणारं लवचिक रबर म्हणजे गॅस्केट. टबाच्या मागच्या भिंतीतून ड्रमचा शाफ्ट बाहेर येतो. तिथे ऑइल सील आणि त्यामागे दोन बेअरिंग असतात. टबाच्या तळातून जाड रबरी पाइप पंपाकडे जातो, आधी फिल्टर लागतो, मग पंप, मग ड्रेन पाइप आणि शेवटी तुमची मोरी किंवा नहाणी ट्रॅप.

हा रस्ता एकदा कागदावर काढा. मग एक साधी गोष्ट लक्षात येईल. पाणी ज्या वेळी ज्या टप्प्यावर असतं, तिथूनच ते गळू शकतं. नळाचं पाणी भरत असताना ड्रेन पाइप कोरडा असतो, म्हणजे तेव्हाची गळती ड्रेन पाइपची नाही. त्यामुळे "कुठून गळतं" या प्रश्नाचं निम्मं उत्तर "कधी गळतं" यात मिळतं, आणि ते फोनवरसुद्धा विचारता येतं.

फोनवरच निम्मं काम

गिऱ्हाइकाचा फोन आला की लगेच गाडीला किक मारू नका. दोन मिनिटं बोला. "काकू, मशीन लावल्या लावल्या पाणी येतं, की मधेच, की शेवटी मोरीत पाणी जातं तेव्हा? मशीन बंद असतं तेव्हा खाली ओलं असतं का? पाणी साबणाचं आहे की स्वच्छ? एवढ्यात पावडर बदलली का? मशीन जागेवरून हलवलं होतं का?" बऱ्याचदा काकूंनाच उत्तर देता देता कारण सापडतं. मशीन अजून वॉरंटीत आहे का, तेही याच फोनवर विचारा. वॉरंटीतलं मशीन आपण उघडायचं नाही. गिऱ्हाइकाला सरळ कंपनीच्या सर्व्हिसचा रस्ता दाखवा. त्या दिवशीचे पैसे जातील, पण माणूस जाणार नाही.

आता उत्तरांचा अर्थ.

मशीन बंद असतानाही ओलं होत असेल आणि पाणी स्वच्छ असेल तर बहुतेक इनलेटची बाजू. नळापासून व्हॉल्व्हपर्यंत पाण्याचा दाब चोवीस तास असतो. दाबाचा हिशोब सोपा आहे, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. म्हणजे बारा मजली इमारतीत टाकी गच्चीवर असेल तर वरच्या मजल्यावर जेमतेम दाब असतो आणि दुसऱ्या मजल्यावर तीन बारच्या आसपास. त्यामुळे वाळलेला तोच रबरी वॉशर वरच्या फ्लॅटमध्ये वर्षभर गप्प बसतो आणि खालच्या फ्लॅटमध्ये थेंब थेंब गळतो. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने फार तर पाव फेरा. जोर लावून आवळलं तर व्हॉल्व्हचा प्लॅस्टिकचा आटा तुटतो आणि पाच-दहा रुपयांच्या वॉशरचं काम व्हॉल्व्हवर जातं. याच बाजूला अजून एक भानगड असते. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर तो पूर्ण मिटत नाही आणि प्लग काढलेला असला तरी पाणी झिरपत झिरपत टबमध्ये साचतं. तपासायला रात्री टबातलं पाणी काढून टाका, ड्रम फडक्याने कोरडा करा, प्लग काढा, नळ मात्र चालू ठेवा. सकाळी ड्रममध्ये पाणी दिसलं तर व्हॉल्व्ह.

बंद मशीनखालचं पाणी मळकट, वासाचं असेल तर फिल्टरचं झाकण बघा. सायकल संपल्यावरही फिल्टरपाशी थोडं पाणी उरतंच.

पाणी भरताना येत असेल तर ड्रॉवर, त्याबद्दल पुढे सविस्तर. कपडे फिरत असताना येत असेल तर गॅस्केट, फेस, टबाच्या तळाचा पाइप किंवा मागचं सील. पाणी सोडताना येत असेल तर पंप, ड्रेन पाइप किंवा मोरी. फक्त स्पिनला येत असेल तर ड्रेन पाइप कुठे घासून फाटलाय का, नाहीतर बेअरिंगचं सील.

आधी वीज, मग पाणी

इथे घाई नको. फ्रंट लोडमधला हीटर साधारण दोन हजार वॅटचा असतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. ओल्या फरशीवर उभं राहून प्लगला हात लावायचा नाही. पाणी सॉकेटच्या आसपास असेल तर आधी मेन बोर्डावरून एमसीबी पाडा, मग प्लग काढा, मग नळ बंद करा. ज्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे तिथे थोडं निर्धास्त, पण जुन्या इमारतींमध्ये तो नसतो आणि अर्थिंग नुसतं नावाला असतं. तीन पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थ आहे असं नाही, मीटरने बघा. अर्थ नसेल तर गिऱ्हाइकाला सांगा आणि बिलावर लिहून द्या. गळतं मशीन, ओली मोरी आणि अर्थ नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर घरातल्या माणसाच्या जिवावर बेततं. त्यात आपली फी वगैरे विसरा.

इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमध्ये प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ करंट असतो. पाच-दहा मिनिटं थांबा. आणि मशीन एकट्याने वाकवू नका. आत काँक्रीटचं वजन असतं, एकूण साठ-सत्तर किलो भरतं.

अजून एक कडक नियम. पत्रा उघडा ठेवून मशीन चालवून बघायचं नाही. व्हिडिओत काही जण करतात, त्यांना करू द्या. आपण टिश्यू पेपरची पद्धत वापरायची.

टिश्यू आणि वर्तमानपत्र

प्लग काढून वरचं आणि मागचं कव्हर उघडा. टॉर्च मारून आधी नुसतं बघा. पाणी वाळतं पण डाग राहतो. साबणाचं पाणी जिथून वाहिलं तिथे पांढरी रेघ दिसते, बेअरिंगच्या पाण्याची तांबूस तपकिरी. जुनी गळती असेल तर या रेघेवरूनच दहा मिनिटांत जागा सापडते.

रेघ सापडली नाही तर प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. व्हॉल्व्हचा जोड, ड्रॉवरखालचा पाइप, तळाचा पाइप, पंपाचा जोड. मागचा पट्टा आणि मोटर यांच्यापासून लांब, पेपर फिरणाऱ्या भागात जाता कामा नये. कव्हर परत बसवा. फरशी पुसून कोरडी करा, मशीनखाली वर्तमानपत्र सरकवा. आता 'रिन्स आणि स्पिन' लावा, पूर्ण सायकल नको. बहुतेक मशीनमध्ये ही वीस-पंचवीस मिनिटांची असते आणि तेवढ्यात पाणी भरणं, ड्रम फिरणं, पाणी सोडणं, स्पिन हे चारही टप्पे होतात. मोबाइलवर वेळ लावा आणि मशीनसमोर बसा. चहा आला तरी तिथेच प्या. पहिला थेंब कोणत्या मिनिटाला, कोणत्या टप्प्यात आणि पेपरच्या कोणत्या कोपऱ्यात पडला ते लिहा. मग प्लग काढा, थांबा, कव्हर उघडा आणि कोणता टिश्यू ओला आहे ते बघा.

पेपरचा कोपरा मात्र शंभर टक्के खरा धरू नका. पाणी तळाच्या पत्र्यावरून उताराकडे धावतं. मागे गळलेलं पुढे पडू शकतं, विशेषतः मोरीच्या उतारावर ठेवलेलं मशीन असेल तर. थेंब पडायची वेळ आणि ओला टिश्यू, दोन्ही जुळलं की मगच बोला. काही मशीन स्वतःच सांगतात. बॉशच्या काही मॉडेलवर तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलं तर ई२३ दिसतं, सॅमसंगवर एलसी किंवा एलई म्हणजे गळती. पण कोड फक्त 'गळतंय' एवढंच सांगतो, कुठून ते तुम्हालाच शोधायचं.

पार्ट न लागणाऱ्या गळत्या

एक उदाहरण सांगतो, आमच्याकडे शिकलेल्या एका मुलाच्या व्हिजिटचं. एका ताईंचं पाळणाघर. दिवसातून दोनदा मशीन चालणार. आधीच्या मेकॅनिकने गॅस्केट बदलून पैसे नेले होते, गळती तशीच, आणि खालच्या मजल्यावाल्यांच्या छताला ओल आली म्हणून ते भांडायला लागले होते. ताई मशीनच विकायला निघाल्या होत्या. आमच्या मुलाने वेळ लावून बघितलं. पाणी भरायला लागल्यापासून दुसऱ्या मिनिटाला थेंब. म्हणजे गॅस्केट नाहीच, कारण तेवढ्यात टबात पाणी जेमतेम आलेलं असतं. त्याने ड्रॉवर बाहेर काढला आणि वरच्या भागाला टॉर्च मारला. निम्मी छिद्रं क्षाराने बुजलेली. उरलेल्या छिद्रांतून पाणी तिरकं उडत होतं, ड्रॉवरच्या पुढच्या फटीतून बाहेर येत होतं आणि पत्र्यावरून ओघळत बरोबर दाराच्या कडेला जमत होतं. बघणाऱ्याला वाटणार दारातूनच गळतंय.

जुना टूथब्रश, कोमट पाणी, थोडा व्हिनेगर, अर्धा तास. पार्ट एकही नाही.

मुलगा मला फोन करून विचारतो, "सर, पैसे किती घेऊ? काहीच तर बदललं नाही." मी त्याला विचारलं, ताईंचं मशीन वाचलं की नाही? खालच्यांचं भांडण थांबलं की नाही? हा प्रश्न नवीन लोकांना फार छळतो म्हणून इथे थांबून सांगतोय. पार्ट बदलला तरच पैसे, ही सवय गिऱ्हाइकाला आपणच लावतो, आणि मग पैसे मिळावेत म्हणून नको तो पार्ट बदलायचा मोह होतो. त्या आधीच्या मेकॅनिकचंही कदाचित असंच झालं असेल. तपासणीचे पैसे वेगळे, कामाचे वेगळे, हे फोनवर आधीच सांगून जा. मग पार्ट लागो न लागो, तुमचं डोकं शांत राहतं आणि निदान खरं निघतं.

अशा बिनपार्टच्या गळत्या अजून बऱ्याच आहेत. फेसाची घ्या. हाताने धुवायची किंवा टॉप लोडची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की प्रचंड फेस होतो, कारण या मशीनमध्ये पाणी कमी असतं आणि कपडे वर नेऊन आपटले जातात. फेस ड्रॉवरमधून आणि दारातून बाहेर येतो, बसला की पाणी होतं. पांढरा फेस दिसला तर रिकाम्या मशीनमध्ये दोन रिन्स लावा, पावडर बदलायला सांगा, झालं.

मोरीची घ्या. मशीन जोरात पाणी सोडतं आणि नहाणी ट्रॅप तुंबलेला असेल तर तेच पाणी परत फरशीवर पसरतं. मशीनकडे न बघता आधी ट्रॅपमध्ये एक बादली पाणी एकदम ओता. पाणी वर आलं तर मशीनला हात लावायची गरज नाही, ट्रॅप साफ करा. ड्रेन पाइप जमिनीवर लोळत असेल तर तो उंच करा. बऱ्याच मॉडेलला जमिनीपासून ६० ते १०० सेंटीमीटरची उंची सांगितलेली असते, मॅन्युअलमध्ये बघा.

फिल्टरचं झाकण उघडण्याआधी खाली पसरट ताट आणि जुनी फडकी ठेवा. बारीक निचरा पाइप असेल तर आधी त्यातून पाणी काढा. गरम सायकल मधेच थांबली असेल तर पाणी थंड होऊ द्या, नाहीतर हात भाजतो. आत नाणी, केसांच्या पिना, लहान मुलांचे मोजे सापडतील. झाकणाच्या आट्यात किंवा रबरी रिंगवर एक केस राहिला तरी थेंब पडत राहतो, म्हणून पुसून, सरळ धरून लावा.

आणि उंदीर! पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. बऱ्याच मशीनला तळ उघडा असतो, उंदीर आत जाऊन ड्रेन पाइप आणि वायरी कुरतडतात. पाइपला दातांचे अर्धगोल काप दिसले की ओळखा. पाइप बदला, त्याबरोबर तळाला जाळी लावा आणि जाळीचे पैसे घ्या. हे गिऱ्हाईक आनंदाने देतं. वायरी कुरतडलेल्या असतील तर त्या आधी बघा, पाणी नंतर.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर

ते फाटतं मुख्यतः खालच्या भागात, घड्याळात सहा वाजतात त्या जागी. तिथे पाणी साचतं, नाणी आणि हुक तिथेच अडकतात. घडी बोटांनी पूर्ण उघडून टॉर्चने बघा. बाहेरून चांगलं दिसणारं गॅस्केट आतल्या घडीत चिरलेलं असतं. पण त्याआधी दाराची काच आणि गॅस्केटचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. केसांचा, धाग्यांचा थर असेल तर दार नीट बसत नाही आणि तेवढ्यानेच पाणी येतं. दाराचं बिजागर ढिलं होऊन दार खाली उतरलंय का तेही बघा. घडीच्या तळाला छोटी छिद्रं असतात, ती बुजली असतील तर मोकळी करा.

चीर असेल तर बदला. गोंद लावून, पंक्चरचा पॅच मारून टिकत नाही. प्रत्येक स्पिनला ते रबर ताणलं जातं.

पार्ट घ्यायला येताना "सात किलो" सांगू नका. गॅस्केट किलोवर नाही, मॉडेलवर मिळतं. दाराच्या आतल्या कडेला किंवा मागे स्टिकर असतो, त्याचा फोटो आणा. जुनं गॅस्केट काढून आणलं तर अजून बरं.

काढताना आधी पुढची स्प्रिंगची तार. स्प्रिंगचा भाग शोधून चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचला, तार सुटते. गॅस्केटचं तोंड पत्र्यावरून सोडवून आत दुमडा. मागची क्लिप टबावर असते. काही मशीनमध्ये दारातून हात घालून ती निघते, काहींमध्ये वरचं कव्हर, ड्रॉवर, कंट्रोल पॅनल, खालची पट्टी काढून पुढचा पत्राच उतरवावा लागतो. दाराच्या लॉकची वायर आधी सोडवा, नाहीतर पत्रा उचलताना ती तुटते. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, स्क्रू वेगवेगळ्या वाटीत ठेवा.

टबाची कड स्वच्छ पुसा, क्षाराचे खडे राहिले तर नवीन गॅस्केटही गळेल. कडेला थोडं साबणाचं पाणी लावा म्हणजे रबर सरकतं. ग्रीस, खोबरेल तेल काही लावू नका. गॅस्केटवर वरच्या बाजूला खूण असते, ती टबाच्या खुणेशी जुळवा, निचऱ्याची छिद्रं बरोबर खाली आली पाहिजेत. हे चुकून फिरलं तर पाणी घडीत साचून कुजतं आणि महिन्याभरात कपड्यांना वास यायला लागतो. मागची क्लिप बसली की बोट पूर्ण गोल फिरवा. कुठे उंचवटा लागला तर तिथे रबर दुमडलंय, परत काढा. मग पुढची तार. ही बसवणं म्हणजे या कामातला सगळ्यात वैतागाचा भाग, पहिल्यांदा अर्धा तास लागेल. दोन्ही हात खालून सुरू करून वर न्या, स्प्रिंग शेवटी.

मग परत 'रिन्स आणि स्पिन', परत कोरडा पेपर. पेपर कोरडा राहिला की गिऱ्हाइकाला बोलावून दाखवा. तो पेपर बघितला की पैशाची घासाघीस बऱ्यापैकी कमी होते.

बेअरिंगचं पाणी दिसलं तर

स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज, ड्रम हाताने वरखाली हलवला तर टबापासून वेगळा हलतो, आणि मागे मध्यावरून खाली तपकिरी ओघळ. या तीन खुणा म्हणजे ऑइल सील गेलं, पाणी बेअरिंगमध्ये शिरलं. इथे नुसतं सील बदलून चालत नाही. सील आणि दोन्ही बेअरिंग एकदम बदलायची. बऱ्याच मशीनमध्ये ६२०५ आणि ६२०६ असे नंबर असतात, पण जुन्यावरचा नंबर वाचूनच घ्या. शाफ्टवर सील जिथे बसतं तिथे बोट फिरवा. चर पडला असेल तर नवीन सीलही गळणार. ड्रममागचा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर खाऊन ठिसूळ झालाय का तेही बघा, क्षाराच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये हे बरंच दिसतं.

यासाठी पूर्ण मशीन सुटं करावं लागतं. दोन माणसं, अर्धा दिवस. आणि काही मॉडेलचा टब कारखान्यातूनच वितळवून चिकटवलेला येतो, स्क्रूने उघडतच नाही. तो असेल तर अख्खी टब असेंब्ली घ्यावी लागते.

म्हणून इथे आधी मॉडेल नंबरवरून टब उघडणारा आहे का ते विचारून घ्या, मग आकडा सांगा. माझा स्वतःचा हिशोब असा आहे. मशीन सात-आठ वर्षांचं असेल आणि एकूण खर्च नव्या मशीनच्या निम्म्यापर्यंत जात असेल, तर मी गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून देतो आणि नवीन घ्या असं स्पष्ट सांगतो. तपासणीचे पैसे घेतो, काम सोडतो. काही जण म्हणतात, एवढं मोठं काम का सोडायचं? कारण त्या मशीनमध्ये नवी बेअरिंग घातल्यावर दोन महिन्यांनी बोर्ड गेला तरी फोन तुम्हालाच येणार आहे.

व्हिजिटचा हिशोब

समजा तुम्ही तपासणीचे ३५० रुपये ठेवले. पेट्रोल ५०. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं, तपासणी एक तास. म्हणजे एक तास चाळीस मिनिटांचे ३०० रुपये, तासाला १८०. पूर्ण धुण्याची सायकल लावून दीड तास जास्त बसलात तर तोच आकडा शंभराच्याही खाली येतो. आता कळलं ना, वीस मिनिटांची सायकल का सांगत होतो? आणि फोनवर दोन मिनिटं बोलून, संशयाचा वॉशर किंवा फिल्टरची रिंग सोबत घेऊन गेलात तर दुसरी फेरी वाचते. दुसऱ्या फेरीचे पैसे कोणी देत नाही.

बिलावर तीन ओळी नक्की लिहा. गळती कोणत्या टप्प्यात होती, कुठे सापडली, काय केलं. कामाची हमी किती दिवसांची आणि कोणत्या जागेची तेही लिहा. गॅस्केट बदलून तीस दिवसांची हमी दिली आणि विसाव्या दिवशी उंदराने पाइप कुरतडला, तर हा कागदच तुम्हाला वाचवतो.

सुरुवातीला बॅगेत फार काही लागत नाही. टॉर्च, टिश्यू, जुनी वर्तमानपत्रं, स्क्रू ड्रायव्हर सेट, पक्कड, टेस्टर, मीटर, पाऊण इंची इनलेट वॉशर दहा-बारा, दोन-तीन मापांच्या होज क्लिप, पसरट ताट, टूथब्रश. गॅस्केट स्टॉकमध्ये भरून ठेवू नका, मॉडेल इतकी आहेत की पैसे अडकून पडतील.

पुढच्या व्हिडिओत स्क्रूने उघडणारा टब आणि चिकटवलेला टब शेजारी शेजारी ठेवून बाहेरूनच कसा ओळखायचा ते दाखवतो. एक जुनं मशीन दुकानात आणून ठेवलंय.